बॉम्बर पायलटचं लॉगबुक कसं वाचायचं

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर पायलटचं लॉगबुक पहिल्यांदा समोर आलं की बहुतेक वाचक हिरमुसतात. ३० मार्च १९४४च्या रात्री जर्मनीतल्या न्यूर्नबर्गवर बॉम्बफेकीला गेलेल्या ७९५ ब्रिटिश विमानांपैकी ९५ परतली नाहीत. लॉगबुकात त्या रात्रीची ओळ मात्र एवढीच: तारीख, विमानाचा नंबर, 'ऑप्स – न्यूर्नबर्ग' (ऑप म्हणजे मोहीम), तास. हे पुस्तक आठवणी लिहायला दिलेलं नव्हतं. रॉयल एअर फोर्सचा तो फॉर्म ४१४, म्हणजे उड्डाणाच्या तासांचा सरकारी हिशेब. पायलटने भरायचा आणि महिनाअखेरीस वरिष्ठांनी तपासून सही करायची. तरी त्या ओळीतला प्रत्येक तपशील कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या कागदाशी जुळतो, आणि ते कागद नीट जोडले तर एक रात्र बऱ्यापैकी उभी करता येते.

खालची पद्धत ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या लॉगबुकांसाठी आहे. वेंजन्स हे सूरमार बॉम्बर उडवणाऱ्या भारतीय हवाई दलाच्या स्क्वॉड्रनांची लॉगबुकं त्याच साच्याची असतात. तिथे काय बदलतं ते शेवटी दिलं आहे.

वही हाताळणं आणि फोटो

मूळ प्रत घरात असेल तर आधी तिचे फोटो घ्या, मग वाचायला बसा. हात धुऊन कोरडे करून पानं उलटा. कापडी हातमोजे घातले की बोटांना अंदाज येत नाही आणि पानाचे कोपरे फाटतात. वही सपाट दाबून उघडू नका, दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवून अर्धवट उघडी ठेवा, नाहीतर कण्याची शिवण सुटते. समोरासमोरची दोन्ही पानं एकाच फोटोत यायला हवीत, कारण एकच नोंद डाव्या पानावरून उजव्या पानावर जाते. फोटो रंगीतच घ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये शाईचा रंग जातो आणि या वहीत रंगाला अर्थ आहे. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बुरशी हाच मोठा शत्रू असतो, म्हणून वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. आम्लरहित कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा, सोबत सिलिका जेल ठेवा आणि ते अधूनमधून बदला.

रकाने

डाव्या पानावर तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर, पहिला पायलट, दुसरा पायलट किंवा प्रवासी, आणि शेवटी 'ड्यूटी' असा रुंद रकाना असतो. उजवीकडे तासांचे तेरा रकाने. १ ते ४ एका इंजिनाच्या विमानांसाठी: दिवसा शिकाऊ, दिवसा स्वतः, रात्री शिकाऊ, रात्री स्वतः. ५ ते ७ अनेक इंजिनांच्या विमानांचे दिवसाचे तास: शिकाऊ, पहिला पायलट, दुसरा पायलट. ८ ते १० हेच रात्रीसाठी. ११ प्रवासी म्हणून. १२ आणि १३ उपकरणांवर किंवा ढगात केलेल्या उड्डाणाचे. हे शेवटचे दोन आधीच्या तासांतलेच असतात, वेगळे नाहीत. एकूण बेरीज १ ते १० या रकान्यांचीच करायची. १२ आणि १३ त्यात मिळवले की एकूण तास फुगतात, आणि ही चूक छापील चरित्रांतही सापडते.

तासांच्या आकड्यात दुसरा सापळा आहे. ७.५० म्हणजे सात तास पन्नास मिनिटं, साडेसात नव्हे. स्प्रेडशीटमध्ये तसाच आकडा भरला तर दर पानाला बेरीज घसरत जाते. तास आणि मिनिटं वेगळ्या रकान्यांत लिहा, मिनिटांची बेरीज ६०ने भागा, आणि प्रत्येक पानाखालच्या 'पुढे नेलेल्या' बेरजेशी ताडून पाहा. वेळा सहसा पाच मिनिटांच्या पटीत असतात. बेरीज जुळली नाही तर आधी पायलटच्या चुकीची शक्यता धरा. या मुलांचा हिशेब पुष्कळदा चुकायचा, आणि दोन-तीन पानांनंतर कारकुनाने पेन्सिलीने केलेली दुरुस्ती दिसते.

पायलटच्या वहीत उड्डाण सुरू झाल्याची वेळ नसते. ती इतर क्रूच्या वहीत असते. निरीक्षक आणि हवाई तोफची यांचं लॉगबुक फॉर्म १७६७वर असे आणि त्यात 'अवर', म्हणजे उड्डाणाची वेळ, हा वेगळा रकाना असे. म्हणून त्याच क्रूच्या नॅव्हिगेटरची किंवा गनरची वही कुठे मिळते का, हे आधी पाहा. मिळाली तर अर्धं काम झालं.

शाई

सर्वसाधारण प्रथा अशी: दिवसाची सराव उड्डाणं निळ्या किंवा काळ्या शाईत, रात्रीची लाल शाईत, आणि शत्रूवरच्या दिवसाच्या मोहिमा हिरव्या शाईत. १९४४च्या जूनपासून हिरव्या ओळी अचानक वाढलेल्या दिसतात. नॉर्मंडीत सैन्य उतरल्यावर बॉम्बर कमांड पुन्हा मोठ्या प्रमाणावर दिवसा उडू लागली, त्याची ती खूण. मात्र युद्धात शाईचाही तुटवडा होता आणि सगळे पायलट काटेकोर नव्हते, म्हणून रंगावरून काढलेला निष्कर्ष उजवीकडच्या दिवस-रात्र रकान्यांवर तपासा. उन्हाळ्यात एकाच मोहिमेचे तास दोन्हीकडे विभागलेले असतात: संध्याकाळी उजेडात उड्डाण, परतीला अंधार.

'ड्यूटी' रकान्यातली भाषा

हा रकाना सर्वांत कामाचा, आणि सर्वांत जास्त संक्षेप इथेच. 'डीसीओ' म्हणजे काम पार पडलं, 'डीएनसीओ' म्हणजे पार पडलं नाही. 'एनएफटी' ही रात्रीच्या मोहिमेआधी दिवसा केलेली विमानाची चाचणी, बहुधा अर्ध्या तासाच्या आसपासची. एनएफटी आहे पण त्याच तारखेला मोहीम नाही, म्हणजे बहुतेक मोहीम ऐनवेळी रद्द झाली. अशा रात्री वहीत दिसत नाहीत. ब्रीफिंग झालेलं असे, जेवण झालेलं असे, कधी विमानात बसूनही झालेलं असे, आणि उड्डाण न झाल्यामुळे ओळ नाही. त्या शोधायला स्क्वॉड्रनची नोंदवही लागते.

'गार्डनिंग' म्हणजे समुद्रात सुरुंग पेरणं. जागांची नावं फुलाफळांची आणि झाडांची असत: 'नेक्टरीन' म्हणजे फ्रिसियन बेटं, 'फर्गेट-मी-नॉट' कीलचा कालवा, 'रोझमेरी' हेलिगोलँड, 'देवदार' बोर्दोकडे जाणारी जिरोंद नदी. 'निकेल' म्हणजे पत्रकं टाकणं. प्रशिक्षणाच्या शेवटी एखादं निकेल असे आणि शत्रूच्या हद्दीत जाण्याची ती पहिली वेळ. 'बुल्सआय' हा ब्रिटनवरच केलेला रात्रीचा मोठा सराव. 'फायटर ॲफिलिएशन' म्हणजे आपल्याच लढाऊ विमानाकडून पाठलाग करवून घेऊन 'कॉर्कस्क्रू' घोटणं: ज्या बाजूने हल्ला त्या बाजूला झुकून सूर, मग उलट बाजूला वळत चढण, आणि हेच पुन्हा पुन्हा. तीस टनांच्या विमानात हे करताना पायलटच्या खांद्यांवर काय ताण येत असेल, याचा अंदाज वहीवरून येत नाही. 'बूमरँग' म्हणजे बिघाडामुळे अर्ध्यातून परत. 'डायव्हर्टेड' म्हणजे धुक्यामुळे दुसऱ्याच तळावर उतरावं लागलं. तशा वेळी दुसऱ्या दिवशीची परतीची छोटी ओळ शोधा, ती नसेल तर विमान तिथेच दुरुस्तीला राहिलं असावं.

बॉम्बचा तपशील दिला असेल तर तो तपासता येतो. 'कुकी' म्हणजे ४,००० पौंडांचा पातळ कवचाचा बॉम्ब. आग लावणारे ४ पौंडी बॉम्ब एका पेटीत ९० भरत, ३० पौंडी ८. म्हणून '१०८० × ४' म्हणजे १२ पेट्या आणि '९६ × ३०' म्हणजेही १२ पेट्या. आकडा ९०ने किंवा ८ने सुटत नसेल तर तुमच्या वाचण्यात किंवा नक्कल करणाऱ्याच्या लिहिण्यात चूक असण्याचा संभव मोठा.

प्रशिक्षणाची पानं गाळू नका

सगळ्यांना थेट बर्लिन वाचायचं असतं. पण बॉम्बर कमांडच्या ५५,५७३ मृतांपैकी आठ हजारांवर माणसं अपघातांत आणि प्रशिक्षणात गेली. विमानांचा ठरलेला क्रम असा: टायगर मॉथ, मग ऑक्सफर्ड, अॅन्सन किंवा हार्वर्ड (बहुधा कॅनडात, दक्षिण आफ्रिकेत किंवा ऱ्होडेशियात), ब्रिटनला परतल्यावर पुन्हा ऑक्सफर्ड, मग ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटवर वेलिंग्टन किंवा व्हिटली, मग हेवी कन्व्हर्जन युनिटवर स्टर्लिंग किंवा हॅलिफॅक्स, आणि १९४४मध्ये बऱ्याच जणांना शेवटी लँकेस्टरवर थोडे तास.

वेलिंग्टनच्या पानांवर क्रू जमतो. फ्लाइट इंजिनिअर हेवी कन्व्हर्जन युनिटवर येतो, वरच्या मनोऱ्याचा गनरही सहसा तिथेच. लँकेस्टरवर सात जण असत, आणि पायलटच्या वहीत त्यांची नावं नेहमी नसतात. या टप्प्यावरची तारखांची मोकळी जागा नोंदवून ठेवा. दोन-तीन आठवडे उड्डाणच नाही असं दिसलं तर वाईट हवामान, आजार, अपघात किंवा क्रूमध्ये झालेला बदल यांपैकी काहीतरी असतं. कुठलं ते युनिटच्या नोंदवहीवरून ठरवा. महिनाअखेरच्या किंवा युनिट सोडतानाच्या शेऱ्यात 'सरासरी', 'सरासरीपेक्षा वरचा' अशी प्रत येते. 'सरासरी' वाचून नाक मुरडू नका, बहुसंख्य उत्तम पायलटांचा शेरा तोच आहे.

ऑप्स मोजणं

इथे सर्वाधिक घोळ होतो. पहिल्या टूरला, म्हणजे मोहिमांच्या ठरलेल्या पाळीला, ३० आणि दुसऱ्याला २० ऑप्स ही रचना १९४३मध्ये पक्की झाली. त्याआधी २०० ऑपरेशनल तासांचं माप चालत असे. पुढे जाऊन लक्ष्यावर खुणा टाकणाऱ्या पाथफाइंडर दलात सलग ४५. १९४४च्या उत्तरार्धात काही काळ पहिली टूर ३५च्या आसपास नेली होती. म्हणजे ३० नसलेली टूर अपुरीच असते असं नाही.

पहिल्या काही ओळींत पायलटचं नाव दुसऱ्या पायलटच्या रकान्यात दिसेल. १९४२च्या वसंतापर्यंत जड बॉम्बरवर दोन पायलट उडत, त्यामुळे १९४१च्या माणसाच्या अशा बऱ्याच ओळी असतात. नंतर दुसरा पायलट काढून टाकला, पण नव्या पायलटने आधी अनुभवी क्रूबरोबर एक-दोनदा जाऊन पाहायचं ही पद्धत राहिली. याला 'सेकंड डिकी' म्हणत. त्यात त्याचा क्रू नसे. म्हणून टूर संपताना पायलटच्या ३० होतात आणि बाकीच्यांच्या २८-२९. पायलट एक-दोन ऑप्स जादा उडून क्रूला पूर्ण करून देई, किंवा ते उरलेल्या ऑप्स दुसऱ्या पायलटबरोबर उडत. क्रूमधल्या एखाद्याचा मृत्यू परक्या विमानात का झाला, याचं उत्तर अनेकदा या फरकात सापडतं.

१९४४च्या वसंतात फ्रान्समधल्या लक्ष्यांची ऑप एक तृतीयांश धरायचा हुकूम निघाला होता. त्या आठवड्यांत वहीच्या कडेला '१/३' दिसेल. ३ मेच्या रात्री मेयी-ल-काँवर ३४६ लँकेस्टर गेली, त्यातली ४२ पडली, आणि तो नियम मागे घेतला गेला. काहींनी नंतर आकडे खोडून पूर्ण केले, काहींनी तसेच ठेवले. तुम्ही मोजताना दोन स्तंभ ठेवा: त्याने वहीत मोजलेल्या ऑप्स, आणि शत्रूच्या हद्दीत प्रत्यक्ष गेलेली उड्डाणं. दुसरा आकडा अनुभवाचा, पहिला टूरचा. बूमरँगची ऑप धरली का, हेही स्क्वॉड्रन आणि परिस्थिती पाहून ठरे. किती पुढे जाऊन परतला यावर बरंच अवलंबून असे.

१९४५च्या एप्रिलअखेर आणि मेमध्ये 'मॅना' (हॉलंडमध्ये अन्न टाकणं), 'एक्सोडस' (युद्धकैदी परत आणणं, एका लँकेस्टरमध्ये साधारण २४ जण) आणि त्याच वर्षी पुढे 'डॉज' (इटलीहून सैनिक आणणं) अशा ओळी येतात. यांची यादी वेगळी ठेवा.

धोक्याचा हिशेब मांडायचा मोह होतो, तेव्हा जपून. दर मोहिमेला ४ टक्के नुकसान धरलं तर ३० मोहिमा पूर्ण होण्याची शक्यता १२० टक्के नुकसान म्हणून शून्य होत नाही. ती ०.९६चा तिसावा घात, म्हणजे सुमारे २९ टक्के असते. आणि ४ टक्के हा दर सगळ्या काळाला लागू नाही. मोहिमेनुसार, महिन्यानुसार तो खूप बदलतो.

विमानाचा नंबर आणि अक्षर

वहीत कधी पूर्ण सिरियल (विमानाचा कायमचा नंबर) असतो, कधी नुसतं अक्षर. अक्षर विमानाचं कायमचं नाव नव्हे. विमान पडलं की तेच अक्षर पुढच्याला मिळे, म्हणून 'एस' या अक्षराखाली सहा महिन्यांत तीन वेगळी विमानं असू शकतात. सिरियल मात्र बदलत नाही. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं लँकेस्टर आर ५८६८ हे सरावासाठी छान उदाहरण: ८३ स्क्वॉड्रनमध्ये त्याचं अक्षर 'क्यू' होतं, ४६७ स्क्वॉड्रनमध्ये 'एस' झालं. स्क्वॉड्रनची दोन अक्षरंही एकच असतील असं नाही. ६१७ स्क्वॉड्रनने एजे, केसी आणि वायझेड अशी तिन्ही वापरली. वाचताना ५ आणि एस, २ आणि झेड, १ आणि ७ या जोड्यांकडे लक्ष ठेवा. सिरियल त्या स्क्वॉड्रनला त्या तारखेला होता का, हे विमानाच्या हालचालीच्या कार्डावरून पाहा. तिथे जुळलं नाही तर अंक चुकीचा वाचला गेला आहे.

एक रात्र उभी करणं

आता न्यूर्नबर्गची ओळ घ्या. लॉगबुकात तारीख उड्डाणाची असते, इतिहासाच्या पुस्तकांत '३०/३१ मार्च' अशी जोडतारीख. मध्यरात्रीनंतर उड्डाण झालेल्या मोहिमांत वहीची तारीख जोडतारखेतली दुसरी असेल. हे न समजल्यामुळे एकाच मोहिमेच्या दोन मोहिमा झालेल्या पाहायला मिळतात.

ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये, लंडनजवळ क्यू इथे, स्क्वॉड्रनांच्या नोंदवह्या 'एअर २७' या मालिकेत आहेत. त्यांच्या वेबसाइटवर शोधताना रोमन लिपीत ए-आय-आर, मग जागा सोडून २७ असं टाका आणि स्क्वॉड्रनचा नंबर द्या. दोन फॉर्म लागतील. फॉर्म ५४० हा दिवसागणिक सारांश: हवामान, रद्द झालेल्या मोहिमा, बदल्या. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक विमानाची ओळ: सिरियल, सातही जणांची नावं, वर गेल्याची आणि खाली आल्याची वेळ, आणि दोन-चार वाक्यांचा वृत्तांत. ५४१मधल्या दोन वेळांची वजाबाकी करा आणि वहीतल्या तासांशी ताडा. पाच-दहा मिनिटांचा फरक चालतो. एक तासाचा असेल तर टंकलेखनाची चूक. त्याहून मोठा असेल तर बहुधा विमान दुसरीकडे उतरलं.

घड्याळाचाही प्रश्न आहे. युद्धकाळात ब्रिटनचं घड्याळ हिवाळ्यात ग्रिनिचच्या एक तास पुढे आणि १९४१पासून उन्हाळ्यात दोन तास पुढे होतं. १९४४मध्ये हा बदल २ एप्रिलला झाला, म्हणजे न्यूर्नबर्गच्या रात्री एकच तास. नॅव्हिगेटरचे कागद ग्रिनिच वेळेत, स्क्वॉड्रनचे स्थानिक वेळेत असू शकतात. कुठली वेळ कुठली ते प्रत्येक आकड्यापुढे लिहा.

मग तास शक्य आहेत का ते पाहा. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या तळांहून जर्मनीच्या रूर या कारखान्यांच्या प्रदेशाला जाऊन यायला साधारण साडेचार ते साडेपाच तास, बर्लिनला सात-आठ, उत्तर इटलीला आठ ते दहा. लँकेस्टरच्या सहा टाक्यांत २,१५४ गॅलन, म्हणजे सुमारे ९,८०० लिटर पेट्रोल मावे, आणि तासाला ढोबळ २०० गॅलन लागे. पेट्रोल वाढलं की बॉम्ब कमी करावे लागत, कारण एकूण वजनाला मर्यादा होती. म्हणूनच लक्ष्याचं नाव कळण्याआधी क्रू टाक्यांत किती भरलं हे विचारून अंदाज बांधत. टाक्या भरलेल्या म्हणजे लांबचं लक्ष्य.

त्यानंतर त्या रात्रीचं मोठं चित्र. बॉम्बर कमांडचे कागद 'एअर १४' मालिकेत आहेत, त्यात रात्रीच्या हल्ल्यांचे अहवालही येतात. न्यूर्नबर्गपुरतं पाहायचं तर तीन गोष्टी पायलटच्या ओळीवर ठेवायच्या. शार्लरॉयच्या परिसरापासून फुल्डाकडे जाणारा, सुमारे २६५ मैलांचा, जवळजवळ सरळ टप्पा. आकाशात अर्धा चंद्र आणि थंड हवेत विमानांमागे उमटणारे पांढरे पट्टे, ज्यांच्या मागावर रात्रीची लढाऊ विमानं सहज येत. आणि वाऱ्याचा चुकलेला अंदाज, ज्यामुळे शंभरावर विमानांनी न्यूर्नबर्ग समजून वायव्येकडच्या श्वाइनफुर्टवर बॉम्ब टाकले. वहीत त्यांच्याही ओळीत 'न्यूर्नबर्ग' आणि 'डीसीओ'च असणार.

विमानाला इजा झाली असेल तर ५४१मध्ये किंवा कार्डावर श्रेणी मिळेल. 'ए' म्हणजे युनिटनेच दुरुस्त केलं, 'एसी' म्हणजे तळावरच पण बाहेरच्या लोकांकडून, 'बी' म्हणजे कारखान्यात पाठवलं, 'ई' म्हणजे मोडीत. लढाऊ विमानाशी चकमक झाली तर तिचा अहवाल 'एअर ५०'मध्ये शोधा. गनरचे जबाब तिथे मिनिटासकट असतात.

हे सगळं एका तक्त्यात उतरवा: तारीख, वेळ, कुठल्या वेळमापनात, काय घडलं, कुठल्या कागदावरून. शेवटचा स्तंभ कधीही रिकामा ठेवू नका. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही की 'इंजिन बंद' हे ५४१मधून घेतलं की कुटुंबाच्या आठवणीतून.

कागदावरही किती विसंबायचं

'डीसीओ' म्हणजे बॉम्ब लक्ष्यावर पडले असं नव्हे. ऑगस्ट १९४१च्या बट अहवालाने फोटो तपासून दाखवलं की लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद झालेल्या विमानांपैकी तीनात एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. रूरवर तर दहात एक. म्हणून वहीत 'फोटो' किंवा 'एमिंग पॉइंट' (नेमका नेम धरायची जागा) असा शब्द असेल तर त्याला वजन द्या. तो फोटो बॉम्ब पडण्याच्या सुमाराला घेतला जाई आणि त्यासाठी बॉम्ब सोडल्यावरही अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ विमान सरळ, समपातळीत ठेवावं लागे. पूर्ण टूरमध्ये पायलटला सर्वांत लांब वाटणारा वेळ हाच असावा.

'स्केअरक्रो' हा शब्द ५४१मध्ये दिसला तर थांबा. बॉम्बर कोसळताना दिसावा असा देखावा करणारे गोळे जर्मन डागतात, अशी क्रूची समजूत होती. असे गोळे असल्याचा पुरावा मिळालेला नाही. त्यांनी पाहिलं ते बहुतेक वेळा खरंखुरं, पेट्रोल आणि बॉम्बसकट फुटणारं आपलंच विमान होतं. १९४३च्या उत्तरार्धापासून जर्मन लढाऊ विमानं वरच्या दिशेने रोखलेल्या तोफांनी पोटाखालून मारत आणि मारणारा कुणाला दिसत नसे, त्यामुळे ही समजूत आणखी पक्की झाली. 'स्केअरक्रो'ची वेळ आणि जागा मिळाली तर ती त्या रात्री हरवलेल्या विमानांशी जुळते का पाहा.

टूर मध्येच थांबलेली दिसली की काहीजण लगेच 'धैर्याचा अभाव' हा त्या काळचा बदनाम शिक्का मनात मारतात. वहीवरून असं ठरवता येत नाही. कानाचा आजार, प्रशिक्षक म्हणून बदली, क्रूचे हाल, दहा कारणं असू शकतात. सेवापत्रात स्पष्ट नोंद नसेल तर लिहू नका.

शेवटचं पान

पायलट परतला नाही तर शेवटची ओळ दुसऱ्याच्या हस्ताक्षरात असते: 'बेपत्ता' किंवा 'परतला नाही', तास कोरे. नंतर वही मृत आणि बेपत्तांचं सामान सांभाळणाऱ्या सेंट्रल डिपॉझिटरीत जाई आणि 'मृत्यू गृहीत' असा शिक्का उमटे. पुढचा शोध इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरच्या, लिंकन इथल्या, मृतांच्या यादीत आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत करा. कबर नसलेल्यांची नावं विंडसरजवळच्या रनीमीड स्मारकावर आहेत. पायलट वाचून लपत परत आला असेल तर त्याचा जबाब नॅशनल अर्काइव्ह्जच्या 'डब्ल्यूओ २०८' मालिकेत मिळू शकतो, आणि तो लॉगबुकपेक्षा शंभरपट बोलका असतो.

वेंजन्स आणि भारतीय लॉगबुकं

भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ स्क्वॉड्रनांनी व्हल्टी वेंजन्स हे सूरमार बॉम्बर बर्माच्या आघाडीवर चालवले: ८ने डिसेंबर १९४३पासून आराकानवर, ७ने मार्च १९४४पासून आसामातून, इंफाळच्या लढाईत. इथे पहिला फरक रकान्यांचा. वेंजन्सला एकच इंजिन, म्हणून हा बॉम्बर पायलट असूनही त्याचे तास १ ते ४ मध्येच दिसतात, आणि बहुतेक दिवसाचे. ८ ते १० रिकामे पाहून 'मोहिमांवर गेलाच नाही' असं समजणारे आहेत.

क्रू दोघांचा, मोहिमा तासा-दोन तासांच्या, कधी दिवसात दोन. तेव्हा ऑप्सची संख्या बॉम्बर कमांडच्या ३०शी तोलू नका. ठरावीक भार ५०० पौंडांचे दोन बॉम्ब पोटात आणि २५० पौंडांचे दोन पंखांखाली. हल्ला जवळजवळ उभ्या सुरात. इंजिन तेल फार पीत असे, त्यामुळे अर्ध्यातून परतल्याच्या नोंदींचं कारण तिथे शोधा. लक्ष्यांची नावं गावांची आणि टेकड्यांची असतात, बुथिदाँग, राथेदाँग अशी, आणि स्पेलिंग प्रत्येक ओळीत वेगळं. जुना क्वार्टर-इंच (मैलाला पाव इंच) नकाशा समोर ठेवल्याशिवाय ती लागत नाहीत. घड्याळ इथेही बदललं होतं: १ सप्टेंबर १९४२पासून १५ ऑक्टोबर १९४५पर्यंत भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती, आजच्या साडेपाच नव्हे. सूर्योदयाची गणितं करताना हा एक तास आठवणीने घाला.

१९४४च्या अखेरीस दोन्ही स्क्वॉड्रनांची विमानं बदलली, ७ला हरिकेन आणि ८ला स्पिटफायर. तेव्हा विमानाचा प्रकार बदललेला दिसला की बॉम्बरची पानं संपली असं धरा. अपवाद पुढच्या वहीत मिळू शकतो. युद्धानंतर भारतात टाकून दिलेली चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बर बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि ती १९६८पर्यंत उडाली. ६ स्क्वॉड्रनची पुण्याहून. त्या वहीत तास पुन्हा ५ ते १० या रकान्यांत सरकलेले दिसतील.